तळघरातली ईशापूर

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन ओहायोत आले त्याला आता तीस वर्षं होतील, आणि मी इथलीच नागरिक आहे. माझे पती अमेरिकन. गेल्या वर्षी ते गेले. वारशाची कागदपत्रं पूर्ण झाली आहेत, सगळं माझ्या नावावर आहे. बेसमेंटमध्ये त्यांची एक जुनी लष्करी रायफल आहे, घोंगडीत गुंडाळून ठेवलेली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी ती आणली आणि मला दाखवून म्हणाले, ‘ही तुझ्या देशातून आलीय.’ तिच्यावर मुकुट कोरलेला आहे, त्याखाली जी आर आय, ईशापूर आणि १९४२. लाकूड पार टोकापर्यंत आहे, त्यात एक आडवा स्क्रू आहे. लोखंडावर काळा रंग, मधूनमधून गंज. नळीच्या टोकाशी बारीक अक्षरांत कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि गाव आहे. सोबत पत्र्याच्या डब्यात काडतुसं आहेत, त्यांच्या बुडावर के आणि एफ अशी अक्षरं.

शेजाऱ्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ दीडशे डॉलर रोख द्यायला तयार आहेत. घासूनपुसून चकचकीत केली तर आणखी पन्नास देईन म्हणतात. टेक्सासमधला माझा भाचा (तो एच-वन-बीवर आहे) म्हणतो की ही ७.६२ची आहे, दोन हजार सहज येतील, मीच येऊन घेऊन जातो आणि विकून देतो. साताऱ्याचा दादा म्हणतो, विकू नकोस, इकडे पाठव. आमचे वडील पोलिसात हवालदार होते, त्यांची थ्री नॉट थ्री अशीच होती. ड्यूटीवरून आले की त्यांच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास मला अजून आठवतो. मुलीला ती घरात नको आहे, खरं तर मलाही नको आहे. पण किती मागू, कुणाला देऊ? आणि विकली तर यांच्या आठवणीशी प्रतारणा होईल का?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी घासणं-पुसणं थांबवा. सुरू केलं नसेल तर करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. पॉलिश नको, व्हर्निश नको, तारेचा काथ्या नको, सॅंडपेपर तर नकोच. त्या गृहस्थांनी जो पन्नास डॉलरचा सल्ला दिला, तो तुमचं दोन-अडीचशेचं नुकसान करणारा आहे. त्यांना माहीत नसेल म्हणून दिला असेल, पण नुकसान तेवढंच.

हे मी इतक्या कळकळीने सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केली आहे. मी विकत घेतलेली पहिली लष्करी रायफल हीच, ली-एन्फिल्ड. दस्त्याचं लाकूड काळपट, तेलकट होतं. एका रविवारी मी ते तासाभरात घासून मधाच्या रंगाचं केलं आणि घरच्यांना कौतुकाने दाखवलं. दस्त्याच्या उजव्या अंगाला काही पुसट शिक्के होते, ते मला डागच वाटले होते. पुढे एका जाणकार गृहस्थांनी ती हातात घेतली, त्या कोऱ्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘इथे काय होतं?’ इथे काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. ती कुठल्या कारखान्यात दुरुस्त झाली, कुणी तपासली, ही त्या रायफलची जन्मपत्रिका मी पुसून टाकली होती. किंमत एक तृतीयांशाने उतरली, पण मला जास्त लागलं ते दुसरंच.

तेव्हा तूर्त एवढंच करा. रायफल घोंगडीतून बाहेर काढा, कारण घोंगडी ओल धरते आणि बेसमेंटमध्ये ओल असतेच. पण उचलण्याआधी ती रिकामी आहे का ते बघायचं. नळी भिंतीकडे, बोट चापापासून लांब, आणि बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या खिट्टीचा, दांडा वर उचलून सरळ मागे ओढायचा. आत पितळेची चमक दिसता कामा नये. हे स्वतः करायला धीर होत नसेल तर जवळच्या बंदुकीच्या दुकानात फोन करा, एखादा माणूस येऊन तपासून देतो. मग मऊ सुती कापडावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब घेऊन लोखंडावरून हलका हात फिरवा. गंज वाढायचा थांबतो, एवढंच हवं आहे. काळा रंग तसाच राहू द्या. खालचं लोखंड चमकवायच्या नादात लोक तो खरवडतात आणि हातातलं घालवतात.

आणखी एक. कुणी म्हणालं की दस्ता सोडवून बघू, तर नाही म्हणा. या रायफलचा दस्ता आतल्या ज्या लांब बोल्टने (तो दांड्याचा बोल्ट वेगळा) बसवलेला असतो, त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या भागात अडकवलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला की ऐंशी वर्षांचं लाकूड तडकतं. तसं तडकलेलं लाकूड मी बरंच पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी कारण तेच, स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला उत्साही माणूस.

आता तुमच्याकडे काय आहे ते पाहू. जी आर आय म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, बादशहा सहावा जॉर्ज. ईशापूर म्हणजे कोलकात्याजवळ हुगळीकाठचा सरकारी रायफल कारखाना. या दोन्हींच्या जोडीला १९४२ म्हटल्यावर ही एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड जातीची .३०३ रायफल आहे यात मला शंका नाही. साल कोरलंय त्याच पट्टीवर मार्क थ्री आणि पुढे एक चांदणी दिसेल, बघा. पहिल्या महायुद्धात १९१६ साली हा नमुना सोपा करून त्याचं उत्पादन वाढवलं, त्याची ही खूण. तुमच्या वडिलांची थ्री नॉट थ्री म्हणजे हीच जात. दादाचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मुंबईत २००८च्या नोव्हेंबरमध्ये सीएसटीवर पोलीस शिपायांच्या हातात हीच रायफल होती, इतका तिचा आपल्याकडे मुक्काम झाला.

भाच्याचा घोळ कुठे झाला तेही सांगतो. १९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच आराखड्यावर, चांगल्या दर्जाचं पोलाद वापरून, ७.६२ काडतुसाची रायफल काढली. तिला टू-ए आणि टू-ए-वन म्हणतात. लांबून दोघी जुळ्या बहिणी वाटतात. पण ७.६२वाली १९६२नंतरची, तिच्यावर बादशहाचा मुकुट असायचं कारणच नाही, आणि तिचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, खालून चौकोनी, खोक्यासारखं असतं. तुमचीचं मॅगझिन पुढे निमुळतं, तिरकं असेल. जाहिरातीत ७.६२ लिहिलंत तर जाणकार तुमच्या बाकीच्या शब्दावरही विश्वास ठेवणार नाही. आणि अजाण माणसाने त्यावर भिस्त ठेवून भलतंच काडतूस आणून घातलं तर जिवावर बेतेल. म्हणून ही दुरुस्ती भाच्यालाही आजच सांगा.

आडव्या स्क्रूची तुम्ही काळजी केलेली दिसते. तो नंतरचा ठिगळजोड नाही. हिंदुस्थानातल्या सेवेत या रायफलींच्या पुढच्या लाकडाला बळकटी द्यायला तो घालत असत. इथले संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात आणि तो दिसला की मान डोलावतात. लाकूड टोकापर्यंत आहे हे तर तुमचं मोठं भाग्य. पन्नास-साठच्या दशकात इथल्या लोकांनी या रायफली शिकारीसाठी हलक्या करायला पुढचं लाकूड करवतीने कापलं. तशा अर्धवट कापलेल्या इथे ढिगाने मिळतात आणि त्यांना फारसं कुणी विचारत नाही. तुमचीसारखी अखंड असेल तर तिचं नुसतं लाकूडसुद्धा कापलेल्या रायफली पूर्ववत करणाऱ्यांना हवं असतं. मला वाटतं दीडशे डॉलरचा हिशेब तिथून आला. सुटे भाग करून विकले तरी त्याहून जास्त येतात.

नळीच्या टोकाची बारीक अक्षरं म्हणजे आयात करणाऱ्या कंपनीचा शिक्का. १९६८च्या बंदूक कायद्यापासून बाहेरून येणाऱ्या रायफलीवर तो मारावा लागतो. त्याच कायद्याने परदेशी लष्करी मालाची आयात बंद झाली होती, ती ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जुन्या संग्राह्य रायफलींपुरती पुन्हा खुली झाली. म्हणजे तुमची त्यानंतर जहाजाने आली आणि नव्वदच्या दशकात कुठल्याशा दुकानात तुमच्या यजमानांच्या दृष्टीस पडली, हे सगळं जुळतं. त्या काळी इथे लोखंडी सामानाच्या दुकानात पिंपात उभ्या केलेल्या लष्करी रायफली असायच्या. रशियन मोसिन-नागाँ शंभर डॉलरच्या आत मिळायची. शिक्का नसलेल्या रायफलीला संग्राहक थोडे जास्त देतात, पण शिक्का असणं हा काही दोष नव्हे.

आता नंबर. हाच किमतीचा खरा कणा आहे. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी मागच्या बाजूला एक नंबर असेल. तोच नंबर नळी जिथे बसते त्या लोखंडी कड्यावर, नळीवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीच्या पोटाला आणि टोकाच्या लोखंडी टोपणावर असायला हवा. भिंग आणि टॉर्च घ्या, तिरक्या प्रकाशात बघा, कागदावर उतरवून काढा. सगळे जुळले तर किंमत चढते. बोल्टचा नंबर वेगळा निघाला तर उतरते आणि गोळीबाराआधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, मोजून घेणं भाग पडतं, कारण बोल्ट आणि नळी एकमेकींसाठी बसवलेल्या नसतात. लाकडावर किंवा लोखंडावर कुठे डीपी अक्षरं दिसली तर ती कवायतीची, न उडवण्याची रायफल. ते लपवून विकायचं नाही. एफआर आणि पुढे साल दिसलं तर ती कारखान्यात दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत गेली. ते वाईट नाही, उलट इतिहासाचा एक मुक्काम कळतो. पुढच्या लाकडाला तार गुंडाळलेली असती तर तीही काढू नका म्हटलं असतं, ती ग्रेनेड फेकणाऱ्या रायफलींना असायची.

आणि नळीचा आतला भाग. बोल्ट काढून, मागून प्रकाश धरून बघतात. रेषा ठसठशीत आणि चमकदार असतील तर उत्तम, काळ्या-खरबरीत असतील तर मध्यम, खड्डे असतील तर भिंतीवर लावायची वस्तू. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतून गोळीनंतर मीठ उरतं. ते हवेतली ओल ओढतं आणि नळी आतून सडते. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे आणि मग दोरीला तेलाची चिंधी लावून ओढायचे. ज्यांच्या नशिबी असा शिपाई आला त्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत. तुमची कुठल्या हातात होती ते नळी सांगेल.

आता तुम्ही ज्यासाठी लिहिलंत ते. या रायफलींत इंग्लंडमधल्या एन्फिल्ड आणि बीएसए या कारखान्यांच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या लिथगोच्या रायफलींना जास्त भाव आहे. ईशापूर त्यांच्या खालच्या पायरीवर धरतात. मला हे पटत नाही, युद्धात सगळ्यांनीच घाम गाळला. पण बाजाराला माझं मत विचारायचं कारण नाही. अखंड लाकूड, जुळणारे नंबर, बरी नळी असेल तर माझ्या अंदाजाने तुम्हाला चारशे ते सहाशे डॉलर यायला हवेत. बोल्ट वेगळा किंवा नळी काळी असेल तर तीनशे-साडेतीनशे. दोन हजार विसरा. भाच्याने जो आकडा पाहिला तो कुणीतरी मागितलेला असणार, कुणी दिलेला नव्हे. बाजारात तुरी म्हणतात तसलं हे. लिलावाच्या मोठ्या संकेतस्थळांवर संपलेल्या लिलावांचा वेगळा विभाग असतो. तिथे ‘ईशापूर मार्क थ्री’ शोधा, प्रत्यक्ष बोली लागून गेलेल्यांपैकी तुमच्या रायफलीच्या जवळपासच्या आठ-दहा निवडा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या. उरलेल्यांच्या मध्यावर तुमचा भाव आहे. हे काम भाचा टेक्सासमध्ये बसून करू शकतो, त्याला करू द्या.

पण भाच्याने याहून पुढे एक पाऊलही टाकायचं नाही. ताई, इथे मी तुम्हाला विनवून सांगतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. काही मोजके अपवाद आहेत, पण मावशीची रायफल विकून देणं त्यात बसत नाही. शिवाय तो दुसऱ्या राज्यात राहतो, आणि बंदुकींच्या व्यवहाराचा परवाना नसलेल्या दोन माणसांनी राज्याच्या सीमेपलीकडे एकमेकांना बंदूक विकायची नसते. मुलगा उत्साहाने गाडीच्या डिकीत घोंगडी टाकून निघेल, वाटेत कुणी थांबवलं तर रायफल जाईलच, पण ग्रीन कार्डची बारा-पंधरा वर्षांची रांगही जाईल. आपल्या लोकांत हे फार जणांना माहीत नसतं. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन बंदुकीसह फोटो टाकणारी आपली मुलं मी पाहतो आणि पोटात गोळा येतो.

दादालाही प्रेमाने नाही म्हणावं लागेल. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ हा बोअर (नळीचं माप) सामान्य नागरिकांना निषिद्ध आहे. इथून बाहेर काढायला निर्यात परवाना हवा, तिथे आत घ्यायला परवाना हवा, आणि तिथला तो दादाला मिळायचा नाही. सामानात, सुटे भाग करून, कंटेनरमधून, असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका. त्यात दादाच अडकेल, आणि हवालदाराच्या घरावर तसा प्रसंग येऊ नये.

विकायचे रस्ते तीन. दुकानदाराला सरळ द्यायची, तर तो त्याच्या विक्रीच्या निम्म्या-साठ टक्क्यांवर येणार. त्याला भाडं, दिवे, नोकर आहेत, त्याचं चूक नाही. दुसरा, त्याच्याकडे विक्रीला ठेवायची आणि विकली गेली की त्याचं कमिशन वळतं करायचं. हे तुमच्यासाठी मला सगळ्यात बरं वाटतं. गिऱ्हाइकाची ओळखपत्रं, फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी सगळं तो करतो, अनोळखी माणूस तुमच्या दारात येत नाही. दुकान निवडताना मात्र हरणं मारायच्या नव्या रायफली विकणारं नको, ज्याच्या भिंतीवर जुन्या लष्करी रायफली टांगलेल्या दिसतील असं घ्या. तुमच्याच राज्यात, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि उन्हाळ्यात जुन्या लष्करी रायफलींच्याही होतात. ली-एन्फिल्ड घेऊन उतरणारी माणसं तिथे येतात. त्या भागातला दुकानदार तुमची रायफल बघूनच ओळखेल.

तिसरा रस्ता थेट संग्राहकाला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली बंदूक इथे ‘क्युरिओ अँड रेलिक’ वर्गात येते. अशा बंदुका जमवणाऱ्यांना केंद्राचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांचे तीस डॉलर. असा परवानाधारक दुसऱ्या राज्यातला असला तरी घरबसल्या ती घेऊ शकतो. त्याच्या परवान्याची सहीची प्रत आधी मागून घ्यायची आणि जपून ठेवायची. इतर कुणाही परराज्यातल्या माणसाला द्यायची तर त्याच्या गावच्या परवानाधारक दुकानामार्फतच. ओहायोत एका रहिवाशाने दुसऱ्या रहिवाशाला खासगीत रायफल विकायला बंदी नाही, म्हणून ते गृहस्थ आजच रोख म्हणतात. तरीही मी म्हणेन, दुकानातूनच व्यवहार करा. उद्या ती रायफल कुठे सापडली तर तुमच्या हातात कागद असावा. मागितलेल्यापेक्षा जास्त रकमेचा बँक चेक पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणारा कुणी भेटला तर संभाषण तिथेच संपवा. तो चेक खोटा असतो.

कराची फार चिंता नको. वारशाने आलेल्या वस्तूची किंमत यजमान गेले त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, त्यांनी काय दिले होते त्याने नव्हे. म्हणून आज विकून नफा असा जवळजवळ उरत नाही. दुकानदाराकडून भावाचा अंदाज लेखी घ्या आणि इतर कागदांत ठेवा.

काडतुसांचा डबा वेगळा. बुडावरचे के आणि एफ म्हणजे काय ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. ते किर्की फॅक्टरी. आपली खडकी, ताई! पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना, १८६९ सालापासूनचा. हुगळीकाठची रायफल आणि मुळाकाठची काडतुसं, आणि गाठ पडली ती ओहायोच्या बेसमेंटमध्ये. पत्र वाचताना मी इथे थांबलो होतो. पण ती उडवू नका, कुणाला उडवायला देऊ नका. या जुन्या मालात चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो. तोवर माणसाने बोल्ट उघडलेला असला तर अनर्थ होतो. त्याच दुकानात घेऊन जा. संग्राहक बुडावरचं साल आणि खोकी बघून सुटी विकत घेतात. टपालाने काडतुसं पाठवता येत नाहीत, तो विचारही नको.

जाहिरात लिहायची वेळ आली की एक मोह होईल, तुम्हाला किंवा दुकानदाराला. ‘मराठा पलटणीने युद्धात वापरलेली.’ मलाही तसं असावं असं वाटतं. पण आफ्रिकेतल्या केरेनला मराठे लढले ते १९४१मध्ये. १९४२ची रायफल तिथे असणं शक्यच नाही. इटलीत १९४४च्या जुलैत यशवंत घाडगे आणि १९४५च्या एप्रिलमध्ये नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या मोहिमेत ही असेल? असेलही, नसेलही, रावळपिंडीच्या कोठारात पडून असेल. दस्त्यावर पितळी चकती असेल आणि तिच्यावर पलटणीचं नाव असेल तर फोटो काढून तसं लिहा. नसेल तर एक शब्द लिहू नका. संग्राहक वस्तूचे पैसे देतो, गोष्टीचे देत नाही, आणि तसंच असायला हवं. तुमच्याकडे जी खरी गोष्ट आहे ती जाहिरातीत घालायची नाही. एका परक्या माणसाने रायफलीवर ईशापूर हे नाव वाचलं आणि घरी नव्या आलेल्या साताऱ्याच्या बायकोसाठी ती उचलली. ती वहीत लिहून ठेवा, तारखेसह, मुलीसाठी.

प्रतारणेचं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे, ती होत नाही. त्यांनी ती तुम्हाला दाखवायला आणली होती, ते काम तीस वर्षांपूर्वीच झालं. घोंगडीत गंजत ठेवण्यापेक्षा जो माणूस तिचे नंबर भिंगातून वाचेल, नळीला तेल लावेल, उन्हाळ्यात कॅम्प पेरीला घेऊन जाईल, त्याच्या हातात ती जावी. शंभर डॉलर कमी देणारा असा माणूस भेटला तर मी त्यालाच दिली असती.

विकायला नेण्याआधी फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पांढऱ्या चादरीवर. पूर्ण रायफल दोन्ही अंगांनी, मुकुट आणि साल जवळून, प्रत्येक नंबर, स्क्रू, गंज, लाकडावरचा ओरखडा, सगळं. दोष झाकून काढलेला फोटो गिऱ्हाइकाला लगेच कळतो. मुकुटाचा एक मोठा छापून दादाला पाठवा.

आणि दस्त्याच्या मागच्या पितळी पत्र्यात एक छोटं दार आहे. वर्षानुवर्षं उघडलं नसेल तर घट्ट बसलं असेल, पण अंगठ्याच्या नखाने जोर दिला की उघडतं. आत शिपायाची पितळी तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवलेली असायची. तुमच्यात ती असेल तर कुपी काढून घ्या. दुकानदाराला तसं सांगा, दहा-वीस डॉलर कमी येतील, येऊ द्या. कुपी शस्त्र नाही, ती घरात ठेवायला मुलीची हरकत नसावी. टोपण आट्यांचं असतं, खाली एक चपटा चमचा जोडलेला. सावकाश फिरवा. तेल केव्हाच सुकलं असेल, पण वास जात नाही. दादाला त्याच वेळी फोन लावा.